कोकोच्या आईला कोणी मारलं?

१

सोमवारी सकाळी 'ला सोलेदाद' मळ्यात अकरा पांगारे मेलेले सापडले. मेलेले म्हणजे उभेच होते. पानं हिरवी, फांद्या ताठ, वर पोपटांची नेहमीची कचकच. पण प्रत्येकाच्या बुंध्यावर छातीच्या उंचीला वीतभर रुंदीचा सालीचा पट्टा चौफेर सोलून काढलेला. साल अशी गोल काढली की झाडाचं जेवण तिथेच तुटतं, आणि दोन-तीन महिन्यांत ते जागच्या जागी वाळतं. हे ज्याने केलं त्याला झाडं कळत होती. त्याला पळून जायचीही घाई दिसत नव्हती.

आमच्याकडे पांगाऱ्याला कोकोची आई म्हणतात. कोकोला ऊन सोसत नाही. म्हणून मळ्याचे मालक फोर्तें साहेब यांच्या आजोबांनी डोंगरावरचं रान तोडलं, कोको लावला, आणि सावलीला त्याच्या डोक्यावर हजारभर पांगारे उभे केले. मळ्यातल्या माणसाच्या थोबाडीत मारली तर साहेब एक वेळ चौकशी करणार नाहीत, पण कोकोच्या आईला हात लावला म्हटल्यावर आरिमाच्या ठाण्यातून पोलीस आला.

मी बेनिता गावची नर्स, एल्डिका प्रॉस्पर. वय विचारू नका, वजन तर नकोच. दवाखाना म्हणजे एक खोली, एक बाक, क्विनीनच्या गोळ्यांचं कपाट आणि एक वही. वहीत तीन रकाने: तारीख, नाव, गोळ्या. युद्धामुळे गोळ्या मोजून येत होत्या, म्हणून मोजून द्याव्या लागत. तीन वर्षांत गावातलं कोण किती वेळा हिवतापाने थडथडलं ते मला तोंडपाठ होतं, आणि कोणता नवरा बायकोच्या गोळ्या रमवाल्याला देऊन येतो, तेही. वहीच्या शेवटच्या पानावर उसन्या गेलेल्या वस्तू असत. त्या सकाळी तेच पान उघडं होतं: एक कात्री, शिक्षिकेकडे. एक पांढरं तामचिनी घमेलं, बाळंतिणीकडे. कानाची एक रबरी पिचकारी, ऑगस्टपासून एवारिस्तोकडे; कानात मळ.

एवारिस्तो स्वतः अंगणात उभा होता, पाठीवर काळ्या तेलाचा डबा. सरकारचा तेलवाला. दर आठवड्याला ओहोळ, गटारं, डबकी यांच्यावर तेल शिंपडायचं, म्हणजे डासांच्या अळ्या गुदमरून मरतात. आणि सोमवारी माझ्याकडे येऊन कागदावर सही घ्यायची. साठीचा, वाळक्या अंगाचा, जुन्या स्पॅनिश रक्ताचा डोंगरी माणूस. मुलगी जानेवारीत तापाने गेल्यापासून बोलणं कमी झालं होतं.

तेवढ्यात फोर्तें साहेब आत आले. त्यांच्यामागे कॉर्पोरल क्लेमंट हाइंड्स. शेजारच्या बार्बाडोस बेटाचा माणूस. तिथे उसापेक्षा उंच फारसं काही उगवत नाही असं आम्ही म्हणतो.

"कोणी केलं ते मला माहीत आहे," साहेब म्हणाले.

"मग मला कशाला बोलावलंत?" कॉर्पोरलने बाकावरची धूळ झटकली आणि बसला. "मी घरी जातो."

मी हळूच, ओठही न हलवता म्हटलं, "याचा चहा कडू करावा लागणार."

"याला चहा नाही, कोको द्या, नर्सबाई," अंगणातून एवारिस्तो म्हणाला.

फोर्तें साहेबांना विनोद चालत नसे. "खालच्या खाचरातली सुकदेई," ते म्हणाले. "तिच्या भाताच्या साचलेल्या पाण्यातून माझ्या मळ्यात ताप येतो. माझी माणसं पडतात, माझी बायको पडते. शुक्रवारी सकाळी तिचा बांध फोडून पाणी सोडायचा हुकूम मी आणलाय. हे तिला शनिवारी कळलं. सोमवारी माझी झाडं मेली. आणखी काय हवं?"

"भात कापायला किती दिवस आहेत?" कॉर्पोरलने मला विचारलं.

"तीन आठवडे. शुक्रवारी पाणी गेलं तर दाणा भरायचाच नाही. नऊ माणसांचं वर्ष त्यात आहे."

"म्हणजे चार दिवस," कॉर्पोरल म्हणाला आणि टोपी घातली.

२

सुकदेई काकी गुडघाभर चिखलात उभी होती. तिची आई कलकत्त्याहून बोटीने आली, ही इथेच जन्मली, आणि या खाचराचा बांध तिने स्वतः घातला. आम्हाला पाहून ती वर आली नाही.

"वर ये, काकी," मी म्हटलं. "पोलीस आलाय."

"त्याला खाली यायला सांग. बूट चांगले दिसताहेत. जरा चिखल लागला तर माणसात येईल."

कॉर्पोरल खरंच खाली उतरला. मला तेव्हाच तो थोडा आवडला. घोट्यापर्यंत रुतत त्याने विचारलं, "झाडं तुम्ही मारलीत?"

"कोणती?"

"कोकोच्या वाळवणघराभोवतीची सहा आणि मजुरांच्या चाळीमागची पाच."

काकीने हातातला विळा बांधाच्या वरच्या बाजूला रोखला. तिथे मळ्याच्या हद्दीवर पाच पांगारे ओळीने उभे होते. त्यांच्या सावलीत भाताचा एक लांब पट्टा पिवळट, खुरटा राहिलेला.

"हे पाच दिसतात? दरवर्षी माझं पोतंभर भात खातात. तेरा वर्षं साहेबांच्या पाया पडतेय, फांद्या तरी छाटा. मला झाडं मारायची असती तर मी डोंगर चढून वाळवणघरापर्यंत कशाला गेले असते रे? माझे गुडघे सरकारने दिलेत?"

मी पाहिलं. पाचही झाडं धडधाकट. सालीला ओरखडा नाही.

"तुमच्या घरात ताप किती जणांना?"

"जावयाला. तोच वर कोको तोडायला जातो. बाकी आम्ही आठ जण या पाण्याकाठी झोपतो, उठतो, भांडतो. आम्हाला काही होत नाही. साहेब म्हणतात आमचं पाणी विषारी. मग आधी आम्ही नको का मरायला?"

कॉर्पोरलने काही लिहिलं नाही, पण मान हलवली. मला वाटलं, सुटली बाई. पण सुकदेई काकीला सुटायची कला कधी जमली नाही. आम्ही वळलो तशी ती मागून ओरडली,

"आणि ऐकून ठेव! झाडं मेली ते बरंच झालं. ज्याने मारली त्याला मी माझ्या हाताने नवा भात वाढीन!"

हद्दीवर फोर्तें साहेबांचा मुकादम उभा होता. त्याने ते ऐकलं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गावाने ऐकलं होतं.

३

मंगळवारी साहेबांनी आम्हाला बंगल्यावर बोलावलं. मुकादमाची साक्ष कागदावर तयार होती. कॉर्पोरलने फक्त बाईला अटक करायची, असा बेत.

बंगला कड्यावर, सगळ्यात उंच जागी. तिथून पाण्याचा थेंब दिसायचा तर खाली अर्ध्या मैलावर. खिडक्यांना जाळ्या, पलंगाला मच्छरदाणी. आणि तरीही मादाम फोर्तें व्हरांड्यातल्या खुर्चीत नोव्हेंबरच्या उकाड्यात शाल गुंडाळून बसल्या होत्या. त्यांच्या डोक्यावर व्हरांड्याभर टांगलेली त्यांची बाग: झाडांवरून उतरवून आणलेले रानअननस. जमिनीत न वाढता फांद्यांवर बसणारी ती झुडपं. लालभडक तुरे, आणि पानांची पेल्यासारखी घट्ट गुंफण.

"सुंदर आहेत," कॉर्पोरल म्हणाला. "आमच्याकडे असलं काही नाही. यांना पाणी कोण घालतं?"

"घालावं लागत नाही," मादाम म्हणाल्या. "पावसाचं धरून ठेवतात. संध्याकाळी मी इथेच बसते. हंगामात खाली मजूर वाळवणघरात कोको नाचवतात, त्यांच्या फिडलचे सूर ऐकू येतात. या तापात तेवढंच सुख."

कोको नाचवणं म्हणजे वाळत घातलेल्या बियांवर अनवाणी पायांनी नाचून त्यांना चकाकी आणणं. डिसेंबरात हंगाम भरात आला की ऊन कलल्यापासून दिवेलागणीपर्यंत पोरीबाळी नाचतात. यंदाही पंधरा दिवसांत सुरू व्हायचं होतं.

वरून एक थेंब कॉर्पोरलच्या कॉलरवर पडला. त्याने तो बोटाने पुसला, बोटाकडे पाहिलं आणि साहेबांना म्हणाला, "अटक आज नाही. मला कोळसेवाल्याला भेटायचंय."

"मी वर लिहीन!" साहेब म्हणाले.

"लिहा. अक्षर चांगलं काढा."

टोबायस कोळसेवाला ओढ्यापलीकडे आपल्या भट्टीवर माती थापत होता. झाड मेलं की लाकूड त्याचं, म्हणून गावाचा दुसरा संशय त्याच्यावर.

"पांगाऱ्याचा कोळसा?" तो इतका हसला की खोकला लागला. "त्यापेक्षा माझ्या सासूचा करीन, जास्त वेळ धगधगेल. पांगारा म्हणजे बूच, बूच! नर्सबाई, या बार्बाडोसवाल्याला कोणीतरी लाकूड दाखवा."

"मग तुला काहीच दिसलं नाही?"

टोबायसने माती थापणं थांबवलं. "दोर दिसला. म्हणजे दोराची खूण. फांदीवरून दोर टाकून चढलं की साल घासली जाते. त्या अकराही झाडांवर आहे. तुम्ही सगळे बुंध्यावरचा पट्टा बघत बसलात. वर बघितलं कोणी?"

कॉर्पोरल तडक वाळवणघराकडे निघाला. मान मागे टाकून तो झाडाझाडाखाली फिरला, आणि मी सावलीत बसून मोजलं. मोजायचं काम असलं की लोक मला आपोआप सोबत नेतात. अकरा मेलेल्या झाडांवर दोराच्या खुणा. बरोबर. पण पट्टा न काढलेल्या आणखी आठ झाडांवरही तशाच खुणा होत्या.

"एकोणीस चढला, अकरा मारले," कॉर्पोरल म्हणाला. "नर्सबाई, झाड मारायला बुंध्याशी उभं राहून कोयता चालवला की झालं. ज्याला मारायचं त्याच्या डोक्यावर आधी चढतं कोण?"

मी म्हटलं, "ज्याला आधी खात्री करायची असते."

"कशाची?"

मी पुन्हा मान मागे टाकून वर पाहिलं.

४

बुधवारी सकाळी तो दवाखान्यात आला तेव्हा त्याच्या हातात कोकोच्या सुक्या बियांची पिशवी होती. त्याने बाकावर कागद पसरला आणि मळ्याचा नकाशा काढला. बंगला, वाळवणघर, मजुरांची चाळ, गावची गल्ली, ओढा, सुकदेई काकीचं खाचर.

"तुमची वही वाचा. एक ताप, एक बी. माणूस राहतो कुठे आणि दिवस मावळताना, डास चावायच्या वेळी, असतो कुठे, ते सांगा."

"वहीत राहण्याचा रकाना नाही."

"तुमच्या डोक्यात आहे. मी दोन दिवस ऐकतोय. कोणाची बायको कोणाच्या चाळीत असते ते तुम्हाला माहीत आहे, तर ताप कुठे असतो ते माहीत नाही?"

मला राग आला, म्हणजे तो बरोबर होता. आम्ही वाचायला बसलो. तीन वर्षं मी ही वही नाव आणि तारीख अशी उभी वाचली होती. आडवी कधी वाचलीच नव्हती. दुपारपर्यंत वाळवणघरावर बियांचा ढीग झाला. चाळीवर दुसरा. बंगल्यावर एक छोटी रास. ओढ्यावर, जिथे बायका दिवसभर धुणं धुतात, मोजून चार. आणि सुकदेई काकीच्या खाचरावर एक बी. जावयाची. मी ती उचलली आणि वाळवणघरावर ठेवली, कारण दिवस मावळताना तो तिथे असतो. खाचर रिकामं झालं.

"आता तारखा," कॉर्पोरल म्हणाला. "खाचरात पाणी कधी नसतं?"

"जानेवारी ते जून. भात कापला की जमीन भेगाळते. गेल्या मार्चमध्ये तर ओढाही आटला होता."

"मार्चमध्ये ताप?"

मी पान उलटलं. मार्च: तेवीस नावं. जमिनीवर पाय भाजावेत इतका कोरडा महिना, तेल शिंपडायला डबकं नाही, आणि तेवीस माणसं थडथडत होती.

"पाण्याशिवाय डास नाही," कॉर्पोरल म्हणाला. "तर मार्चमध्ये पाणी होतं. कुठे?"

पाणी कुठे, हा प्रश्न मला पूर्वी कोणीतरी विचारला होता. नाही, विचारला नव्हता. उत्तरच सांगितलं होतं. मेच्या सुमारास, एका सोमवारी, सही करताना. एवारिस्तो म्हणाला होता, "नर्सबाई, गटारांत मला काही सापडत नाही. पाणी खाली नाहीच. वर आहे." आणि मी, बाकावर बारा माणसं थांबलेली, म्हणाले होते, "वर देव आहे एवारिस्तो. सही झाली. पुढचा."

मी हळूच शेवटचं पान उघडलं. कॉर्पोरलने माझ्या खांद्यावरून वाचलं. कात्री. घमेलं. कानाची रबरी पिचकारी.

"त्याच्या कानात मळ आहे?" त्याने विचारलं. "सोमवारी तुम्ही ओठ न हलवता माझ्या चहाबद्दल बोललात. मी पाच फुटांवर होतो, मला अर्धंच ऐकू आलं. तो अंगणात होता."

मी वही मिटली. कधी नव्हे ते वाटलं, हे आपण लिहून ठेवलं नसतं तर बरं झालं असतं.

"कॉर्पोरल साहेब," मी म्हटलं, "त्याची मुलगी वाळवणघरात नाचायची."

"मला वाटलंच," तो म्हणाला. "पण वाटणं आणि दाखवणं वेगळं. तुमचं ते पांढरं घमेलं बाळंतिणीकडून परत मागवा. उद्या लागेल."

५

गुरुवारी दुपारी चार वाजता बंगल्याच्या व्हरांड्यात साहेब होते, शालीतल्या मादाम होत्या, चिखलाच्या पायांनी आलेली सुकदेई काकी होती आणि पाठीवर डबा घेतलेला एवारिस्तो होता. साहेबांनी काकीच्या पायांकडे आणि फरशीकडे आळीपाळीने पाहिलं.

"उद्या बांध फुटणार," ते म्हणाले. "तेव्हा जे सांगायचं ते लवकर."

कॉर्पोरलने घाई केली नाही. "सुकदेईबाईंनी सूड घेतला असता तर हद्दीवरची पाच झाडं आधी गेली असती. ती शाबूत आहेत. टोबायसला पांगाऱ्याचं लाकूड फुकट दिलं तरी नको. ज्याने मारली त्याला मळ्याचं नुकसान करायचं नव्हतं, नाहीतर त्याने वरचा चांगला कोको गाठला असता. त्याने एकोणीस झाडं चढून पाहिली. आठ सोडली. अकरा मारली. ही अकरा कुठली? जिथे दिवस मावळताना माणसं जमतात, त्यांच्या डोक्यावरची. त्याने झाडांना मारलं नाही, साहेब. त्याने झाडांची तपासणी केली, आणि जी दोषी निघाली त्यांना शिक्षा दिली."

"कसला दोष? माझी झाडं आहेत ती!"

"नर्सबाई, घमेलं."

मी घमेलं मादामच्या समोरच्या तिपाईवर ठेवलं. कॉर्पोरलने हात वर करून टांगलेला एक रानअननस काढला. सगळ्यात मोठा, सगळ्यात लाल. मग तो वळला.

"मला हे नीट येणार नाही. एवारिस्तो, तुझी पिचकारी आण."

मला वाटलं, तो नाही म्हणेल. आणि खरं सांगायचं तर त्याने नाही म्हणावं असंही वाटलं. एवारिस्तोने डबा खाली ठेवला. सदऱ्याच्या आतून माझी पिचकारी काढली, पुसली, आणि रानअननसाच्या पानांच्या फटीत खोल घातली. तेलवाल्यांना अळ्या तपासायला सरकार एक मोठी पळी देतं. ती डबक्यात जाते, पानांच्या फटीत जात नाही. पिचकारी जाते. त्याने पाणी ओढलं आणि पांढऱ्या घमेल्यात सोडलं. पुन्हा ओढलं. पुन्हा सोडलं. चहाच्या कपाएवढं पाणी निघालं एका झुडपातून.

पाण्यात वळवळ होती. बारीक, काळसर, स्वल्पविरामाएवढ्या अळ्या, पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडव्या पडलेल्या.

"आडव्या राहतात त्या तापाच्या डासाच्या," एवारिस्तो म्हणाला. "उलट्या लटकतात त्या साध्या. मला शिकवलंय."

मादाम पुढे वाकल्या. मग त्यांनी वर पाहिलं, ओळीने टांगलेल्या आपल्या बागेकडे.

"रान होतं तेव्हा हे उंच शेंड्यांवर असायचे," एवारिस्तो साहेबांना म्हणाला, पण पाहत माझ्याकडे होता. "माझ्या आजोबांनी सांगितलंय. तिथे माणूस नव्हता. तुमच्या आजोबांनी रान पाडलं, पांगारे लावले. उघडे, रुंद, एकसारखे. रानअननसाला याहून चांगलं घर कोण देणार? एकेका झाडावर शेकड्यांनी बसलेत. आणि त्यांच्या बरोबर खाली आपण चाळ बांधली, वाळवणघर बांधलं, पोरींना नाचवलं. मी तीन वर्षं जमिनीवर तेल ओततोय, साहेब. तळं झाडावर आहे."

"मग सांगायचं होतंस!"

"तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, एवारिस्तो, रम कमी कर. शहरात पत्र लिहिलं. उत्तर आलं, तेल चालू ठेवा." तो थांबला. "आणखीही एकीला सांगितलं."

मी घमेल्यात पाहत राहिले.

"झुडपं उतरवून टाकायची होतीस," कॉर्पोरल म्हणाला. "झाड का मारलंस?"

"हजारो झुडपं, एक म्हातारा. काढली तरी वर्षभरात परत येतात. झाड वाळलं, पानं गळली, की ऊन लागतं आणि ती आपोआप सुकतात. पंधरा दिवसांत नाच सुरू होतोय; निदान अर्ध्या हंगामात तरी पोरी वाचल्या असत्या. जेवढं जमलं तेवढं केलं."

आतापर्यंत गप्प बसलेली सुकदेई काकी कडाडली, "आणि माझ्यावर आळ आला तेव्हा तुझी जीभ कुठे होती रे?"

एवारिस्तोने पहिल्यांदाच मान खाली घातली. "बांध शुक्रवारी फुटणार होता, काकी. मी शुक्रवारी सकाळी बांधावर येऊन सांगणारच होतो. मध्ये तीन दिवस होते. चाळीमागची चार झाडं बघायची राहिली होती."

काकीने पायाचा चिखल फरशीवर घासला. "गाढव," ती म्हणाली. पण आवाज उतरला होता.

"ते काही असो, माझी अकरा झाडं..." साहेबांनी सुरुवात केली.

"नर्स," मादाम मध्येच म्हणाल्या, "तुमच्या वहीत माझं नाव किती वेळा आहे?"

"नऊ वेळा, मादाम."

"आणि या बाईंच्या घरचं?"

"एकदा. जावयाचं. तोही ताप तुमच्या वाळवणघरातून घेऊन गेला."

मादामनी शाल सावरली. "फिलिबेर," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तो बांधाचा कागद मला दे. आणि कोणाला तरी बोलाव, ही सगळी बाग खाली उतरवा. आता. मी इथे बसलेली असतानाच."

साहेबांनी खिशातून कागद काढला. त्यांनी तो बायकोला दिला तेव्हा त्यांचा चेहरा दात उपटलेल्या माणसासारखा होता.

६

कागद गेला, पण तक्रार गेली नाही. झाडं साहेबांची होती, पट्टे एवारिस्तोने काढले होते, आणि कॉर्पोरल कायद्याचा माणूस. त्याने एवारिस्तोला हातकड्या घातल्या नाहीत. दोघं आरिमाच्या रस्त्याने शेजारी शेजारी चालत गेले, आणि अर्ध्या वाटेवर तेलाचा डबा कॉर्पोरलच्या पाठीवर होता असं टोबायस सांगतो. टोबायसचं अर्धं खरं धरावं. एकवीस दिवसांची कैद झाली.

त्या एकवीस दिवसांत सुकदेई काकीने भात कापला. साहेबांनी वाळवणघराभोवतीचे उरलेले पांगारे मारले नाहीत, पण मुकादमाला दोर देऊन वर पाठवलं आणि रानअननस खाली टाकायला लावले. गाडीभर निघाले. मुकादम दोनदा पडला आणि दोन्ही वेळा गाव बघायला जमलं. नाच सुरू झाला तो यंदा दुपारीच, ऊन असताना. दिवे लागायच्या आत पोरी घरी. ताप संपला म्हणणार नाही. मी मोजते, त्यामुळे मला असं म्हणता येत नाही. डोंगरावर अजून नऊशेच्या वर पांगारे आहेत. पण पुढे जानेवारीत वाळवणघराची सात नावं लिहिली. आधीच्या जानेवारीत एकतीस होती.

एवारिस्तो सुटून आला तो सोमवार होता. सवयीने सरळ दवाखान्यात आला. त्याच्या आधी बाकावर सुकदेई काकी येऊन बसली होती, मांडीवर फडक्यात बांधलेलं पातेलं.

"बस," ती त्याला म्हणाली. "मी पोलिसासमोर बोलले होते, आता मागे कशी घेऊ? नवा भात आहे. वर डाळ आहे. आणि गाढवा, पुढच्या वेळी आधी मला सांग. त्या पाच झाडांवर मीच चढले असते."

"गुडघे?" एवारिस्तो म्हणाला.

"गुडघ्यांचं मी बघीन."

तो बाकावर बसून जेवला. माझ्या दवाखान्यात खायला मनाई आहे. तशी पाटी मीच लावली आहे. मी पाटीकडे पाठ करून बसले.

जेवण झाल्यावर त्याने खिशातून पिचकारी काढून माझ्यापुढे ठेवली. "कान बरा झाला, नर्सबाई."

मी शेवटच्या पानावर तिच्यापुढे 'परत' लिहिलं. मग वही पुढून उघडली. गेल्या महिन्यात मी तिच्यात पट्टीने चौथा रकाना आखला होता, नवीन पानांवर आणि जुन्याही. त्याला नाव दिलं होतं: कुठे. मागची तीन वर्षं मी आठवून आठवून भरत आणली होती. एकच ओळ रिकामी ठेवली होती. ती त्याच्याशिवाय भरायची नव्हती.

सोळा जानेवारी. आल्ताग्रासिया, एवारिस्तोची मुलगी. बारा गोळ्या.

"मे महिन्यात तू मला सांगितलं होतंस," मी म्हटलं.

"बाकावर माणसं होती," तो म्हणाला. "तुम्हाला घाई होती."

मी दौतीत टाक बुडवला. तो बाकावरून उठून माझ्याजवळ आला, नुकतंच वाचायला शिकलेल्या माणसासारखं एकेका अक्षराकडे बोट नेत पाहत राहिला, आणि मी त्या रकान्यात लिहिलं: वाळवणघर. पाणी वर.